व्हिडिओ गेमच्या जुन्या बोर्डांची सोनेरी कड कापण्यापूर्वी

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ई-कचरा संकलनाविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी बातम्या प्रसिद्ध होतात आणि जुने मोबाइल, बॅटऱ्या व संगणक घंटागाडीत न टाकता वेगळे द्यावेत, ही गोष्ट त्यामुळे अनेक घरांपर्यंत पोहोचली आहे. त्याच विषयातील एका दुर्लक्षित वस्तूकडे वाचकांचे, भंगार व्यावसायिकांचे आणि शहरातील तंत्रशिक्षण संस्थांचे लक्ष वेधावे, या हेतूने हे पत्र लिहीत आहे.

१९८० आणि १९९०च्या दशकांत नाणे किंवा टोकन टाकून खेळायची, माणसाच्या उंचीची व्हिडिओ गेमची यंत्रे नाशिककरांच्या चांगल्या परिचयाची होती. घरोघरी संगणक आणि नंतर मोबाइल आले तशी ती पार्लरे बंद पडली, प्लायवुडची खोकी पावसाने फुगून मोडीत निघाली, आणि त्यांच्या आतले सर्किट बोर्ड कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोदामात पडून राहिले. आता ते किलोच्या भावाने विकले जात आहेत. विक्रीला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो विक्रीनंतर सर्वांत आधी जे केले जाते त्याला. पत्रा कापायच्या कात्रीने बोर्डाची संपर्कांची कड छाटली जाते, कारण मूळ जपानी बोर्डांच्या त्या कडेवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. बोर्डाला वीज देणे, चित्र आणि आवाज बाहेर घेणे, नाण्याची व बटणांची सूचना आत पोहोचवणे हे सगळे त्या एका कडेतून होते. ती छाटली, की दुरुस्त होऊ शकणारा बोर्डही व्यवहारात संपला, कारण पन्नासेक वायरी एकेका बारीक रेषेवर हाताने जोडत बसण्याइतका वेळ कुणी देत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की कात्री लावण्यापूर्वी बोर्ड तपासला जावा. ज्याला पार्लरचालकाने ‘डेड’ म्हणून बाजूला टाकले, त्या बोर्डात पुष्कळदा शंभराहून अधिक आयसींपैकी (छोट्या काळ्या चिपांपैकी) एखाद-दुसराच बिघडलेला असतो आणि तो शोधून काढण्याची व्यवस्था घरातल्या टेबलावर उभी करता येते. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीचे काम केल्यानंतर गेली काही वर्षे मी घरी हेच काम करीत आहे, म्हणून हे अनुभवाने लिहीत आहे.

हे बोर्ड म्हणजे पूर्ण संगणक आहेत, आणि आजच्या संगणकाप्रमाणे एका काळ्या चौकोनात बंद झालेले नाहीत. तैतोच्या १९७८ सालच्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये इंटेलचा ८०८० प्रोसेसर होता. नामकोच्या १९८० सालच्या ‘पॅक-मॅन’मध्ये झेड-८० हा प्रोसेसर होता आणि तो सुमारे ३ मेगाहर्ट्झ वेगाने चालत असे, पुढच्याच वर्षी आलेल्या ‘गॅलागा’त तर असे तीन झेड-८० एकत्र काम करीत. चित्र काढणारे, रंग ठरवणारे, मोजणी करणारे सगळे भाग शून्य-एकची साधी कामे करणाऱ्या सुट्या लॉजिक आयसींतून बांधलेले आहेत, त्यांचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटरवर आहेत, आणि प्रत्येक पायावर तपासणीची सुई सहज टेकते. इतका उघडा, हाताशी असलेला संगणक त्यानंतर पुन्हा तयार झाला नाही.

१९८५ साली जपानी उत्पादकांच्या जामा या संघटनेने कडेच्या जोडणीचे एक प्रमाण ठरवले, आणि आज सापडणारे बहुतेक बोर्ड त्याच प्रमाणाचे असतात. एका बाजूला २८ आणि दुसऱ्या बाजूला २८ असे ५६ संपर्क, त्यांच्यातील अंतर ३.९६ मिलिमीटर. दोन्ही बाजूंचे ३ आणि ४ क्रमांकाचे संपर्क ५ व्होल्टचे, ६ क्रमांकाचे १२ व्होल्टचे, आणि दोन्ही टोकांचे दोन-दोन संपर्क ग्राउंडचे, म्हणजे वीज परत जाण्याच्या वाटेचे, असतात. त्यामुळे एकदा एक कनेक्टर नीट वायर करून ठेवला, की त्यावर कोणत्याही कंपनीचा जामा बोर्ड लावून पाहता येतो. सातव्या संपर्काच्या जागी कनेक्टर उलटा लागू नये म्हणून अडसराची सोय केलेली असते. पण स्वस्तातल्या कनेक्टरांत तो अडसर बसवलेलाच नसतो. कनेक्टर उलटा लागला तर काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. दोन्ही टोकांचे ग्राउंड सारखेच असल्यामुळे ग्राउंड जागच्या जागी जुळतो, परंतु सहाव्या संपर्काचे १२ व्होल्ट तेविसाव्यावर, म्हणजे खेळाडूच्या दुसऱ्या बटणाच्या जागी, जाऊन पोहोचतात. ५ व्होल्टवर चालणाऱ्या आयसीच्या पायावर १२ व्होल्ट आले म्हणजे तो आयसी गेलाच. पार्लरमध्ये घाईने बोर्ड बदलताना असे कितीतरी बोर्ड मेले असतील.

घरच्या मांडणीला फार खर्च येत नाही. संगणकाचा जुना एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) ५ आणि १२ व्होल्ट देतो. मात्र तो ५ व्होल्टवर कितीतरी अँपिअर करंट देऊ शकत असल्यामुळे बोर्डावर शॉर्ट असेल तर त्याचे स्वतःचे संरक्षण जागे होण्याआधी बोर्डाचा ट्रॅक (तांब्याची बारीक रेषा) जळतो, म्हणून मध्ये योग्य क्षमतेचा फ्यूज घालावाच लागतो. फार जुन्या बोर्डांना उणे ५ व्होल्टही लागतात आणि नव्या एसएमपीएसमध्ये ते मिळत नाहीत. ८०८० प्रोसेसर किंवा ४११६ जातीची मेमरी असलेल्या बोर्डाला उणे ५ न देता नुसते १२ व्होल्ट दिले, तर त्या चिपला इजा होऊ शकते, हे लक्षात ठेवले पाहिजे. चित्रासाठी अडचण वेगळी आहे. या बोर्डांतून लाल, हिरवा, निळा हे तीन रंग आणि सिंक (चित्र जागेवर धरणारा संकेत) अशा चार वायरी बाहेर येतात, आणि आडव्या रेषांचा वेग सेकंदाला साधारण १५,७०० असतो. संगणकाच्या साध्या मॉनिटरला याच्या दुप्पट वेग लागतो, आणि आपल्याकडच्या जुन्या टीव्हींना रंगांच्या वेगळ्या वायरी घेण्याची सोय नसते. त्यामुळे मध्ये एक छोटा कन्व्हर्टर बोर्ड लागतो. गेमच्या बोर्डातून येणाऱ्या रंगांच्या संकेताचा व्होल्टेज कन्व्हर्टरला झेपतो त्यापेक्षा बराच जास्त असतो, म्हणून तिन्ही वायरींत प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करता येणारा रेझिस्टन्स) घालून तो उतरवावा लागतो. मूळ यंत्रातली पिक्चर ट्यूब वापरायची असेल तर घरच्या विजेपासून जोडणी वेगळी ठेवणाऱ्या आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवाचून तिला हात लावू नये, कारण त्या मॉनिटरांच्या चासीचा (धातूच्या सांगाड्याचा) थेट घरच्या २३० व्होल्टशी संबंध असू शकतो आणि ट्यूबच्या अॅनोडवर वीसेक हजार व्होल्ट असतात, ते वीज बंद केल्यावरही काही काळ टिकतात. नवशिक्याने ट्यूबच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मांडणीत एक चालू बोर्ड हाताशी असणे अत्यावश्यक आहे. पडदा काळा दिसला, की बोर्ड मेला असे समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत महाग पडणारी घाई आहे; दोष एसएमपीएसचा, वायरीचा, स्पर्शाचा किंवा सिंक न पकडणाऱ्या कन्व्हर्टरचाही असू शकतो. खात्रीचा बोर्ड लावून मांडणी ठीक असल्याचे आधी पटवून घेतले, की मगच संशयित बोर्डाविषयी बोलता येते. पार्लरांतून ‘डेड’ ठरलेल्या बोर्डांपैकी काहींचा खरा दोष यंत्रातल्या पॉवर सप्लायमध्ये होता, हे घरच्या टेबलावर ते बोर्ड सरळ चालू झाल्यामुळे मला समजले आहे.

आता एका बोर्डाचे उदाहरण सविस्तर देतो, कारण त्यावाचून वरचे म्हणणे नुसते मत राहील. हा बोर्ड विमानांच्या लढाईच्या एका जपानी खेळाची, परवानगीवाचून केलेली नक्कल आहे. त्यावर निर्मात्याचे नाव नाही. आपल्याकडच्या पार्लरांत असे नकली बोर्ड खूप होते आणि त्यांची कडही बहुधा सोन्याची नसते, तरी तीही सवयीने कापली जाते. या बोर्डाच्या कोपऱ्यावर मार्करने फुली मारलेली होती. वीज देण्यापूर्वी ५ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स मोजला. तो शून्याजवळ नव्हता, म्हणजे शॉर्ट नव्हता. सॉकेटांत बसवलेले ईप्रॉम (खेळाचा प्रोग्रॅम व चित्रे साठवलेल्या चिपा) एकेक करून काढले. त्यांचे पाय काळे पडले होते. चांदीचा मुलामा असलेले पाय वर्षानुवर्षे हवेत राहिले, की असे होतेच. ते साफ करून प्रत्येक ईप्रॉम प्रोग्रॅमर नावाच्या चिप वाचणाऱ्या यंत्रावर वाचून संगणकात साठवला. जुने खेळ संगणकावर चालवणारा मेम नावाचा प्रकल्प १९९७ सालापासून अशा खेळांच्या प्रत्येक चिपची नोंद ठेवीत आला आहे, आणि तीत चिपचा आकार व पडताळणीचा अंक दिलेला असतो. आपल्या चिपचा अंक त्या नोंदीशी जुळला, तर तिच्यातला एकही बिट हललेला नाही याची खात्री पटते. इथे सगळे जुळले. ईप्रॉमच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल निघून गेले असेल तर तिथे नवे अपारदर्शक लेबल लावणे विसरू नये, कारण अतिनील किरणांनी आतली माहिती पुसली जाते, आणि उन्हातही ते किरण असतातच.

वीज दिल्यावर पडद्यावर अक्षरांचा आणि चित्रांच्या तुकड्यांचा विस्कळीत पसारा दिसला, आणि साधारण सेकंदासेकंदाला तो दचकल्यासारखा हलत होता. पहिली गोष्ट, व्होल्टेज. एसएमपीएसच्या टोकाला ५.०५ व्होल्ट होते, पण बोर्डाच्या लांबच्या कोपऱ्यातल्या आयसीच्या पायांवर मोजले तर ४.५८. या जातीच्या आयसींना ४.७५ ते ५.२५ या मर्यादेत वीज लागते. व्होल्टेज नेहमी आयसीच्या पायावर मोजावा, सप्लायवर मोजलेला आकडा समाधान देतो पण माहिती देत नाही. कडेचे संपर्क खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ केले, ५ व्होल्टच्या चारही संपर्कांना आणि ग्राउंडच्या सर्व संपर्कांना जाड वायरी दिल्या, आणि कोपऱ्यातला आकडा ४.९६ वर आला. पसारा मात्र कायम राहिला. म्हणजे दोष आत होता.

झेड-८० ला ४० पाय असतात. सहाव्या पायावर क्लॉक (सगळ्या कामाला ताल देणारा संकेत) ठीक येत होता. सव्विसावा पाय रीसेटचा, म्हणजे प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करण्याचा. तो ठरावीक वेळाने खाली जाऊन पुन्हा वर येत होता, आणि पडद्यावरचे दचकणे त्याच तालावर होते. या बोर्डांत वॉचडॉग नावाचे एक छोटे सर्किट असते. प्रोग्रॅम नीट चालत असेल तर प्रोसेसर त्याला थोड्या थोड्या वेळाने सूचना देत राहतो. सूचना थांबली, की वॉचडॉग प्रोसेसरला पहिल्यापासून सुरू करतो. तेव्हा रीसेटची ही धडधड म्हणजे रीसेटच्या सर्किटचा दोष नव्हता. प्रोसेसर सुरू होत होता, पण काहीतरी भलतेच वाचून भरकटत होता आणि वॉचडॉग आपले काम चोख बजावत होता. इथे अनेक जण रीसेटचेच भाग बदलत बसतात.

मेमरीतली जागा सांगणाऱ्या, पत्त्याच्या सोळाही रेषा हलत होत्या. माहितीच्या आठ रेषांवर (डेटा बसवर) लॉजिक प्रोब, म्हणजे शून्य आणि एक दोन दिव्यांनी दाखवणारी सुई, टेकवत गेलो तेव्हा सात रेषांवर दोन्ही दिवे लुकलुकले, आणि प्रोसेसरच्या आठव्या पायावर, म्हणजे डी-३ या रेषेवर, एकही दिवा लागला नाही. ऑसिलोस्कोपवर (विजेचा चढउतार पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर) इतर रेषा शून्याजवळून साडेतीन व्होल्टपर्यंत स्वच्छ उड्या घेत होत्या. ही मात्र दीड व्होल्टच्या आसपास लोंबकळत होती. या जातीच्या आयसींत ०.८ व्होल्टच्या खाली शून्य आणि २ व्होल्टच्या वर एक, असा ठराव आहे. मधल्या पट्ट्यात अडकलेली रेषा म्हणजे तिला कुणीच हाकत नाही असा अर्थ होतो.

एका रेषेने इतका गोंधळ कसा होतो, असा प्रश्न वाचकांना पडेल. झेड-८० मध्ये दुसऱ्या ठिकाणी उडी मारण्याची आज्ञा सोळांच्या पद्धतीत सी३ अशी लिहितात, बिटांत ११०० ००११. तिच्यातला डी-३ चा बिट शून्याऐवजी एक वाचला गेला, की तीच आज्ञा सीबी होते, आणि सीबी ही उडीची आज्ञा नसून बिटांवर काम करणाऱ्या आज्ञांच्या एका संपूर्ण गटाचे प्रवेशद्वार आहे. प्रोग्रॅमच्या अगदी आरंभी बहुधा एखादी उडी असतेच. म्हणजे प्रोसेसर पहिल्याच पावलाला वाट चुकत होता, आणि तरीही क्लॉक चालू, पत्ते हलते आणि पडद्यावर चित्र होते, म्हणून वरवर पाहणाऱ्याला दोष कुठेही असू शकेल असे वाटले असते.

त्या रेषेचा माग घेतला. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामध्ये ७४एलएस२४५ हा वीस पायांचा, दोन्ही दिशांनी माहिती नेणारा आयसी होता. मेमरीच्या बाजूला त्याच बिटावर संकेत स्वच्छ होता, प्रोसेसरच्या बाजूला नव्हता. दिशा ठरवणारा पहिला पाय आणि परवानगीचा एकोणिसावा पाय हे आठही बिटांना सामाईक असतात, आणि बाकीचे सात बिट नीट येत होते, म्हणून त्या दोन पायांवर संशय घ्यायला जागा नव्हती. ट्रॅक तुटला असण्याची शक्यता उरत होती. वीज बंद करून आयसीच्या पायापासून प्रोसेसरच्या आठव्या पायापर्यंत मल्टिमीटर लावला तेव्हा बीप वाजला. मग प्रोसेसर सॉकेटमधून काढून डायोडच्या रेंजवर त्या आयसीचे प्रोसेसरकडच्या बाजूचे बाकीचे सात पाय मोजले, ते एकमेकांसारखे वाचन देत होते. संशयित पाय मात्र काहीच वाचन देत नव्हता. आयसीच्या आतली त्या एका पायाची जोडणी गेली होती. शेवटची खात्री म्हणून त्याच क्रमांकाचा चांगला आयसी त्याच्या डोक्यावर पायाला पाय टेकवून बसवला आणि वीज दिली. रीसेटची धडधड थांबली, मेमरी तपासणीचे आकडे ओळीने उमटले आणि खेळाचे शीर्षक पडद्यावर आले. ही डोक्यावर आयसी बसवण्याची युक्ती आतून उघडलेल्या जोडणीलाच लागू पडते. पाय आतून ग्राउंडला चिकटला असेल तर दोन आयसी एकमेकांविरुद्ध ओढत राहतात आणि चांगला आयसीही तापून जातो.

त्यानंतर जुन्या आयसीचे पाय कटरने अंगालगत कापून एकेक पाय वेगळा गरम करून काढला आणि तिथे सॉकेट बसवले. आयसी अख्खा उपटण्याच्या प्रयत्नात भोकांतली तांब्याची नळी आणि वरचा ट्रॅक उचकटून येतो, आणि मग एका आयसीचा दोष पाच ठिकाणचा होतो. आवाजातली घरघर अॅम्प्लिफायरजवळचा सुकलेला कॅपॅसिटर बदलल्यावर गेली. एवढ्याने बोर्ड पूर्ववत झाला.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की मला मिळालेल्या कितीतरी बोर्डांवर पूर्वीच्या दुरुस्तीच्या खुणा मूळ दोषापेक्षा भयंकर आहेत. संशय आला म्हणून काढलेले आयसी, करपलेले पॅड, चुकीच्या क्रमांकाचे भाग. मोजल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न हातात न घेण्याची शिस्त एवढीच खरी विद्या आहे आणि ती शिकवता येते. बॅटऱ्यांच्या बाबतीतही सरसकट सल्ला घातक ठरतो. एसएनकेच्या १९९० सालच्या निओ-जिओ बोर्डावरची रिचार्जेबल बॅटरी गळून आजूबाजूचे ट्रॅक खाते, म्हणून ती लवकरात लवकर काढली पाहिजे. उलट आपल्याकडे अतिशय लोकप्रिय झालेल्या कॅपकॉमच्या १९९३ सालच्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’च्या मूळ बोर्डात आवाजाच्या प्रोसेसरची गुप्त किल्ली बॅटरीच्या आधारानेच टिकून असते. ती बॅटरी संपली किंवा कुणी काढली, की ती किल्ली नाहीशी होते आणि बोर्ड चालेनासा होतो, जरी त्याचा एकही भाग जळालेला नसला तरी.

सुटे भाग मिळवण्याची अडचण वाढत चालली आहे. नाशिकमध्ये साध्या लॉजिक आयसींपैकी काही मिळतात. उरलेल्यांसाठी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्स बाजार पालथा घालावा लागतो, आणि तिथेही घासून नवा क्रमांक छापलेले आयसी निघतात, म्हणून बसवण्यापूर्वी तपासून घ्यावे लागतात. १९७६ साली बाजारात आलेल्या झेड-८० च्या जुन्या स्वरूपातल्या चिपचे उत्पादन थांबवत असल्याचे झायलॉग कंपनीने २०२४ साली जाहीर केले. म्हणजे जो बोर्ड खरोखरच दुरुस्त होण्यापलीकडे गेला आहे, तोही दुसऱ्या बोर्डांसाठी सुट्या भागांचे भांडार आहे. त्यातल्या चांगल्या आयसी काढून घेतल्यावर तो पुनर्चक्रीकरणाला द्यावा. कड कापायची तर तेव्हा कापावी, आणि तीही नोंदणीकृत कारखान्याने. उघड्यावर आम्ल वापरून सोने काढण्याच्या प्रकाराने काढणाऱ्याच्या फुप्फुसांचे आणि नाल्यातून गोदावरीचे जे नुकसान होते, त्याच्यापुढे त्या सोन्याची किंमत काहीच नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत व्हिडिओ गेमचा समावेश आहे, आणि त्याच नियमांत वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांना पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांपासून वेगळे स्थान दिलेले आहे. दुरुस्ती आधी आणि तोडमोड नंतर हा क्रम लावायला नियमांची आडकाठी नाही.

तंत्रशिक्षण संस्थांना माझी आग्रहाची विनंती आहे. आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना आज मायक्रोप्रोसेसर शिकवला जातो तो बहुधा तयार किटवर, आणि त्या किटमध्ये दोष नसतो, त्यामुळे दोष शोधण्याची सवय लागत नाही. नोकरीत गेल्यावर मात्र सातपूर-अंबडच्या कारखान्यात रात्रपाळीला बंद पडलेल्या मशीनच्या कंट्रोल कार्डासमोर त्याच विद्यार्थ्याला उभे राहावे लागते. मी अशा कार्डांवर काम केले आहे. तिथे लागणारी विचाराची रीत आणि वर वर्णन केलेली रीत एकच आहे: वीज, क्लॉक, रीसेट, पत्ता, माहिती, आणि प्रत्येक पायरीवर पुरावा. भंगारातून आलेला खेळाचा बोर्ड सदोष असतो, दोष कुठे आहे हे शिक्षकालाही आधी माहीत नसते, संकेतांचा वेग काही मेगाहर्ट्झच असल्यामुळे महाविद्यालयातल्या साध्या ऑसिलोस्कोपवर तो दिसतो, आणि दुरुस्ती झाल्याचा निकाल पडद्यावर सर्वांना दिसतो. शेजारच्या मुलीला, ती इलेक्ट्रॉनिक्सच्या पदविकेला आहे, मी एकदा प्रोब हातात दिला. डेटा बस म्हणजे काय हे तिला परीक्षेपुरते पाठ होते, पण मुकी पडलेली एक रेषा स्वतः सापडल्यावर तिने जे प्रश्न विचारले ते पाठ्यपुस्तकातले नव्हते. प्रयोगशाळेत एक टेबल, एक जामा कनेक्टर, फ्यूज लावलेला सप्लाय आणि एक खात्रीचा बोर्ड एवढ्या भांडवलावर हे सुरू होऊ शकते. अशा प्रयोगशाळेस मांडणी उभी करून देण्यास आणि सुरुवातीला शिकवण्यास मी कोणत्याही मोबदल्याविना तयार आहे.

ज्यांच्याकडे पूर्वी पार्लर होते त्यांनी माळ्यावरचे बोर्ड विकण्यापूर्वी एकदा पाहावेत. हाताच्या दोन-तीन पंजांएवढा, रांगेने लावलेल्या काळ्या आयसींचा, एका कडेला पट्ट्यापट्ट्यांचे संपर्क असलेला बोर्ड, आणि त्यावर काचेच्या गोल खिडकीच्या किंवा लेबल लावलेल्या काही चिपा, ही त्याची ओळख. त्याला स्वतः वीज देऊन पाहू नये. धूळ मऊ ब्रशने झटकावी, साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी कागदात किंवा स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत गुंडाळावा, एकावर एक बोर्ड उघडे रचू नयेत, आणि सोबतच्या वायरी, पाट्या, हाताने लिहिलेले कागद असतील तर तेही त्याच्याबरोबर ठेवावेत, कारण नकली बोर्डांच्या जोडणीची माहिती पुष्कळदा तेवढ्याच कागदावर असते. भंगार व्यावसायिकांनी असा बोर्ड आल्यास कड न कापता अख्खा बाजूला ठेवावा. दुरुस्ती करणारे त्याला वजनाच्या भावापेक्षा अधिक पैसे आनंदाने देतात, तेव्हा यात त्यांचाही तोटा नाही. आणि शहरातील ई-कचरा संकलन केंद्रांवर मोबाइल, बॅटऱ्या, संगणक यांच्याप्रमाणे ‘तपासणीसाठी राखलेले जुने बोर्ड’ अशी एक वेगळी पेटी ठेवण्याचा विचार महापालिकेने व स्वयंसेवी संस्थांनी करावा, अशी विनंती आपल्या स्तंभातून त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, सिडको, नाशिक